नाव ओळखीचे, हात परका

देशातील सर्व बँकांनी आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असलेल्या नव्या पत्त्यावर न्यावीत, असा आदेश भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही अखेरची तारीख ठरवून देण्यात आली होती. असा शेवट असलेले नाव फक्त बँकांनाच मिळते, आणि ते देण्याचे काम रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या हैदराबाद येथील एकाच संस्थेकडे सोपवण्यात आले आहे. बहुसंख्य खातेदारांच्या हा बदल लक्षातही आला नसेल. ज्यांच्या लक्षात आला, त्यांतील काहींना उलट नवा पत्ताच बनावट वाटला असण्याचा संभव आहे. तथापि या निर्णयाकडे केवळ तांत्रिक फेरफार म्हणून पाहता येणार नाही. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव विकत घेऊन हुबेहूब तिच्यासारखे पान उभारणे इतके सोपे झाले होते की, खऱ्या बँकांना आपली ओळख पटवून देण्यासाठी वेगळी पेठच वसवावी लागली.

ही वेळ का आली, ते आकडे सांगतात. केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत भारतीय नागरिकांनी २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले होते. २०२४ साली हा आकडा २२,८४५ कोटींवर गेला, म्हणजे एका वर्षात तिप्पट. यात शेअर बाजारातील खोट्या योजनांपासून परदेशी नोकरीच्या आमिषापर्यंत सर्व प्रकार येतात. सगळेच काही 'फिशिंग' नव्हे. परंतु यांतील अनेक प्रकारांचा पहिला उंबरठा तोच असतो. ओळखीच्या नावाने एक संदेश येतो, त्यात एक दुवा किंवा एक दूरध्वनी क्रमांक असतो, आणि तातडीने काही तरी करावयास सांगितलेले असते.

फिशिंग हा शब्द १९९०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत रूढ झाला. 'अमेरिका ऑनलाइन' या कंपनीच्या ग्राहकांना, आपण कंपनीचेच कर्मचारी आहोत असे भासवून, काही लोक संदेश पाठवीत आणि त्यांचे पासवर्ड काढून घेत. मासेमारीच्या इंग्रजी शब्दाचाच हा उच्चार आहे, फक्त स्पेलिंग बदललेले. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना त्याचा अर्थ वेगळा समजावण्याची गरज नाही. जाळे टाकले की जे सापडेल ते सापडते. गळ टाकताना मात्र त्या त्या माशाला रुचेल असेच आमिष लावावे लागते. पूर्वी हा धंदा जाळ्याचा होता. लाखो लोकांना एकच मजकूर जाई, तोही मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आणि लॉटरी लागल्याच्या त्या संदेशांना शहाणी माणसे हसत. आज तो गळाचा धंदा झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शुद्ध मराठीत, योग्य त्या आदरार्थी बहुवचनासह संदेश लिहिणे हे काही मिनिटांचे काम आहे. 'व्याकरणाच्या चुका शोधा म्हणजे फसवणूक ओळखता येईल' हा सल्ला अजूनही दिला जातो. त्यावर विसंबणे आता धोक्याचे आहे.

आमिष किती नेमके असू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रानेच पाहिले आहे. २०२२ साली महावितरणच्या असंख्य ग्राहकांना असे संदेश आले की, मागील महिन्याचे देयक नोंदले गेलेले नाही, सबब आज रात्री वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. त्वरित अमुक अधिकाऱ्याशी संपर्क साधावा. वेळही मुद्दाम रात्रीची दिलेली असे, कारण तेव्हा कार्यालय बंद असते आणि अंधाराच्या कल्पनेने माणूस अस्वस्थ होतो. देयक तर भरले आहे, मग चूक कोठे झाली, हे विचारण्यासाठी ग्राहक स्वतःहून फोन करी. पलीकडचा 'अधिकारी' सौजन्याने बोले. नोंद अद्ययावत करण्यासाठी केवळ दहा रुपये भरा, असे सांगे आणि त्यासाठी मोबाइलवर एक अॅप घ्यावयास लावी. ते अॅप म्हणजे आपला पडदा दुसऱ्याला दाखवणारी खिडकी असे. दहा रुपये भरताना टंकलेला प्रत्येक अंक पलीकडे दिसे आणि पुढच्या काही मिनिटांत खाते रिकामे होई. अशा क्रमांकांवर संपर्क साधू नये, असे आवाहन महावितरणला वारंवार करावे लागले.

तेव्हापासून नावे बदलत गेली, घाट तोच राहिला. टपाल खात्याच्या नावाने 'पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल पोहोचवता आले नाही' असे संदेश आले. वाहतूक दंडाच्या नावाने आणि लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअॅपवर 'एपीके' फाइल येऊ लागली. या शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. एपीके ही पत्रिका किंवा छायाचित्र नसते, तो मोबाइलवर बसवावयाचा संपूर्ण प्रोग्राम असतो. एकदा बसला की तो लघुसंदेश वाचण्याची परवानगी मागतो, आणि ती मिळताच बँकेकडून आलेला ओटीपी परस्पर चोराकडे धाडतो. त्यामुळे 'मी कोणालाही ओटीपी सांगितला नाही' असे जे फसलेले लोक कळवळून सांगतात, ते बहुधा खरेच बोलत असतात. घरातल्यांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याआधी हे समजून घ्यावे.

मंदिराच्या दारातून

आता आपल्या अधिक जवळच्या गोष्टीकडे वळू. अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलँड धर्मप्रांतात ब्रन्सविक नावाचे गाव आहे. तेथील संत अॅम्ब्रोज धर्मग्रामाने चर्चच्या नूतनीकरणाचे मोठे काम हाती घेतले होते. २०१९ च्या एप्रिल महिन्यात, ईस्टरच्या सुमारास, बांधकाम कंत्राटदाराने धर्मग्रामाकडे विचारणा केली की, गेल्या दोन महिन्यांचे पैसे अद्याप का मिळाले नाहीत? धर्मग्रामाच्या हिशेबात तर पैसे वेळेवर गेले होते. तपासात उघड झाले ते असे: चोरांनी धर्मग्रामाच्या दोन कर्मचाऱ्यांच्या ईमेल खात्यांत शिरकाव केला होता, आणि कंत्राटदाराने आपली बँक बदलली आहे असे कार्यालयाला पटवून दिले होते. सुमारे साडेसतरा लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने १२ कोटी रुपयांच्या आसपास रक्कम, भलत्याच खात्यात जमा होऊन तेथून पसार झाली होती.

या घटनेत कोणी लोभी नव्हते, कोणी निष्काळजीपणाने लॉटरीच्या मागे लागले नव्हते. ज्याचे देणे होते त्याचेच पैसे देण्याचा प्रामाणिक प्रयत्न चालला होता. चोरांना फक्त एकच गोष्ट बदलावी लागली, खाते क्रमांक. ज्या मार्गाने बदलाची सूचना आली, त्याच मार्गावर विश्वास ठेवला गेला. कंत्राटदाराच्या जुन्या दूरध्वनी क्रमांकावर एक फोन केला असता तर ही रक्कम वाचू शकली असती. त्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनी झालेला प्रकार दडपला नाही. त्यांनी पत्र लिहून सर्व भाविकांना तो कळवला, म्हणूनच तो आज इतरांना ठाऊक आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने निरनिराळ्या धर्मांच्या भाविकांना उद्देशून इशारा दिला होता. पास्टर, धर्मगुरू, रब्बी, इमाम किंवा बिशप यांच्या नावाने ईमेल येतो, एखाद्या आजारी वा गरजू माणसासाठी भेटकार्डे विकत घेऊन त्यांवरील क्रमांक पाठवण्याची विनंती असते, आणि भाविक ती आनंदाने पूर्ण करतात. आपल्याकडे भेटकार्डांची पद्धत तितकी रुळलेली नाही. येथे यूपीआय आहे. फादरांचे छायाचित्र लावलेले नवे व्हॉट्सअॅप खाते उघडायचे, 'मी सध्या सभेत आहे, बोलू शकत नाही, एका रुग्णासाठी तातडीने मदत हवी आहे' असे लिहायचे, एवढेच करावे लागते. धर्मगुरूंचे छायाचित्र कोणत्याही सणाच्या अहवालात सापडते. 'बोलू शकत नाही' हे वाक्य तर जवळपास अशा प्रत्येक संदेशात असते, कारण आवाज ऐकला की सोंग उघडे पडते. अर्थात आता आवाजाचीही नक्कल होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या जागतिक संपर्क माध्यम दिनाच्या संदेशात, आपणही अशा बनावट चित्रांचा विषय झालो होतो, असे नमूद केले होते.

भाविकांचे समाज चोरांना का सोपे वाटतात, याचे उत्तर आपल्या सद्गुणांतच आहे. मदतीची हाक आली की हिशेब विचारू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. त्यात वसईसारख्या भागात व्यवहाराची रीतही माणसांच्या ओळखीवर उभी राहिली. १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक बँकेची स्थापना झाली, ती एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या भरवशावर. आज खिडकीमागच्या कारकुनाची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे, परंतु आपली सवय जुनीच आहे: नाव ओळखीचे दिसले की पुढे विचारायचे नाही. शिवाय अनेक घरांत मुले आखातात, कॅनडात किंवा जहाजावर असतात. घरी वृद्ध आईवडील असतात, त्यांच्या नावावर मुलांनी पाठवलेली ठेव असते, आणि मोबाइलवर आलेला संदेश दाखवायला दुसरे कोणी नसते.

यास्तव काही शिस्त धर्मग्राम पातळीवरच लावून घेणे इष्ट ठरेल. धर्मग्रामाचे बँक खाते वा क्यूआर कोड बदलला, तर तो बदल मिस्सेच्या वेळी जाहीर व्हावा आणि सूचना फलकावर लागावा. केवळ व्हॉट्सअॅप संदेशावर विसंबून कोणी पैसे भरू नयेत. कंत्राटदार, पुरवठादार यांचे खाते बदलल्याची सूचना आल्यास वित्त समितीच्या सदस्याने जुन्या, नोंदवहीतील क्रमांकावर स्वतः बोलून खात्री करावी. सूचनेत दिलेल्या क्रमांकावर फोन करून केलेली खात्री ही खात्री नव्हे. दानपेटीवर चिकटवलेला क्यूआर कोड दर आठवड्यास एकदा स्कॅन करून पाहावा. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहो येथे दुकानांबाहेरील कोडवर रातोरात दुसरे कोड चिकटवल्याचे उघडकीस आले होते; चर्चच्या आवारात हे आणखी सोपे आहे. आणि कुटुंबवार नावे व दूरध्वनी क्रमांक असलेली धर्मग्राम सूची महाजालावर खुली ठेवण्याचा मोह टाळावा. कोणत्या घरात कोण वारले, मुलगा कोणत्या देशात आहे, हे चोराला आपणच छापून देत असतो.

पत्ता कसा वाचावा

पुन्हा बँकेच्या संकेतस्थळाकडे येऊ. नव्या पत्त्याचा उपयोग तो वाचता आला तरच आहे. कोणत्याही संकेतस्थळाच्या पत्त्यात, सुरुवातीची जोडरेघ सोडून, पुढे जी पहिली एकेरी तिरकी रेघ येते तिच्या लगेच आधीचा भाग खरा मालक दाखवतो. त्याच्या डावीकडे कोणीही काहीही लिहू शकतो, अगदी आपल्या बँकेचे संपूर्ण नावसुद्धा. म्हणून पत्ता रेघेपासून मागे, उजवीकडून डावीकडे वाचावा. तेथे 'डॉट बँक डॉट इन' हे शब्द असावेत, आणि 'बँक' या शब्दाच्या आधी खराखुरा टिंब असावा. टिंबाऐवजी आडवी रेघ असेल किंवा बँकेचे नाव सलग जोडलेले असेल, तर ते वेगळेच नाव होय आणि ते कोणालाही विकत मिळू शकते. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर अनेकांचा भरवसा असतो. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेवर कोणी मजकूर वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला सज्जन आहे की चोर, हे ते सांगत नाही. याच गैरसमजामुळे गूगलने २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते चिन्ह काढून टाकले.

ज्यांना हे वाचन कटकटीचे वाटेल, त्यांच्यासाठी सोपी वाट आहे. संदेशातील दुव्यावर बोट ठेवूच नये. संदेश बंद करावा आणि बँकेचे नेहमीचे अॅप उघडून पाहावे, किंवा पासबुकावर वा कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. बातमी खरी असेल तर ती तेथेही दिसेलच. महाजालावर 'कस्टमर केअर' असे शोधून मिळालेला क्रमांक मात्र वापरू नये. बनावट क्रमांक तेथे पेरून ठेवलेले असतात. बँकांच्या सेवाविषयक दूरध्वनींसाठी '१६००' ने सुरू होणारी क्रमांकमाला ठरवण्यात आली असून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने व्यापारी बँकांना त्यासाठी १ जानेवारी २०२६ ची मुदत दिली होती. साध्या दहा अंकी मोबाइलवरून 'बँकेतून बोलतो' म्हणणाऱ्याशी संभाषण वाढवण्याचे कारण नाही. यूपीआयबाबत तर एकच गोष्ट पुरे: पिन हा पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच नसतो.

'डिजिटल अटक' या प्रकाराविषयी बरेच लिहून झाले आहे. असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितले होते. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जी माहिती आली, तीत या मार्गाने उकळलेली रक्कम सुमारे ३,००० कोटींची होती, आणि १ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला.

फोनच्या दुसऱ्या टोकाला

चोर म्हटले की जामतारा किंवा मेवातचे नाव घेतले जाते. पण या धंद्याचा मोठा भाग आता म्यानमार, कंबोडिया येथील कुंपण घातलेल्या वसाहतींतून चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोकांना ऑनलाइन फसवणुकीच्या कामास जुंपलेले असावे. थायलंडमध्ये संगणकाची चांगली नोकरी, असे सांगून त्यांना नेले जाते, पासपोर्ट काढून घेतला जातो आणि दिवसाचे ठरावीक 'गिऱ्हाईक' न फसवल्यास मारहाण होते. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे ५४९ भारतीयांना अशा ठिकाणांहून परत आणले. परदेशी नोकरीसाठी धडपडणारा आपला तरुण या साखळीत दोन्ही बाजूंनी अडकू शकतो, याचे भान धर्मग्रामाच्या युवा संघांनी ठेवले पाहिजे.

तिसरी एक बाजूही आहे आणि ती अगदी गावातली आहे. लुटलेला पैसा चोराच्या स्वतःच्या खात्यात कधीच जात नाही. तो काही टक्के दलालीवर 'भाड्याने' घेतलेल्या खात्यांतून फिरवला जातो. महाविद्यालयातील मुलाला कोणी सांगते, 'तुझे खाते फक्त आठवडाभर वापरू दे.' तो देतो, आणि काही दिवसांनी पोलिसांचे पत्र येते. आपण कोणाला फसवले नाही, असे त्याला वाटत असते. कायदा तसे मानत नाही.

फसवणूक झाल्यावर काय होते, हे अखेरीस सांगणे आवश्यक आहे, कारण खरे नुकसान पुष्कळदा त्यानंतरच्या गप्प बसण्याने होते. निवृत्त शिक्षक, संस्थेचे माजी पदाधिकारी, घरचा कर्ता पुरुष अशा माणसांना फसलो हे सांगण्याची लाज वाटते. मुलगा रागावेल, समूहात हसे होईल, या भीतीने दोन-तीन दिवस जातात. तेवढ्या अवधीत रक्कम अनेक खात्यांतून पुढे सरकून रोख काढली गेलेली असते. '१९३०' या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार येताच संबंधित बँकांना तत्काळ सूचना जाते आणि रक्कम ज्या खात्यात पोहोचली असेल तेथेच ती रोखून धरता येते. गृह मंत्रालयाच्या माहितीनुसार जुलै २०२५ पर्यंत या व्यवस्थेने ५,४८९ कोटी रुपयांहून अधिक रक्कम वाचवली होती. गमावलेल्या रकमेच्या तुलनेत ती थोडी आहे, परंतु जी वाचली ती वेळेवर बोलणाऱ्यांची.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ग्राहकाच्या जबाबदारीची मर्यादा ठरवून दिली. त्रयस्थाने व्यवस्थेतील दोषाचा फायदा घेतला असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवले असेल, तर ग्राहकावर तोटा पडत नाही. ग्राहकाने स्वतः पासवर्ड किंवा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा सर्व तोटा त्याचाच. कळवल्यानंतरचा मात्र बँकेचा. ज्या काळात नक्कल इतकी बेमालूम झाली आहे, त्या काळात प्रत्येक फसलेल्या वृद्धास 'निष्काळजी' ठरवणारी ही विभागणी कठोर वाटते, आणि ती बदलावी अशी मागणी रास्त आहे. पण तोवर 'कळवण्याची वेळ' हाच ग्राहकाच्या हातातील पुरावा आहे. म्हणून बँकेला दूरध्वनीने कळवल्यावर तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा, शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवावी. संदेश पुसून टाकू नयेत. तेच पुढे लागतात. एखादी अनोळखी फाइल मोबाइलवर बसवली गेली असेल, तर त्या मोबाइलचे इंटरनेट आधी बंद करावे आणि १९३० चा फोन घरातल्या किंवा शेजारच्या दुसऱ्या मोबाइलवरून लावावा. क्रमांक व्यस्त असेल तर लावत राहावे, आणि तोवर दुसऱ्या कोणी बँकेला सांगून खाते गोठवून घ्यावे.